कोर्टाची पायरी: आपल्याकडची जुनी कोर्टं आणि त्यांच्या गोष्टी

मेथीचा_लाडू:
आमचे आजोबा उठता बसता म्हणायचे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि स्वतः मात्र बांधाच्या दाव्यात तेवीस वर्षं चढउतार करत होते. तर आमच्या घराण्यात हौसेने कोर्टाची पायरी चढलेला मी पहिलाच. भाचीने हट्ट केला म्हणून फोर्टातल्या हायकोर्टाचा हेरिटेज वॉक केला आणि खरं सांगतो, डोकं फिरलं. बाहेरून शंभर वेळा बघितलंय, ओव्हलवरून, बसमधून, पण आत ते काळ्या दगडाचे लांबच लांब व्हरांडे, गोल जिने, वर खांबांवर कोरलेली जनावरं... एक माकड आहे, डोळ्याला पट्टी आणि हातात तराजू. पट्टी पण एकाच डोळ्याला! वॉकवाल्याने सांगितलं की एका पारशी कंत्राटदाराची केस कोर्टात हरली म्हणून त्याने रागाने ते माकड कोरून घेतलं. वकिलांच्या गळ्यातले पांढरे बँड घातलेले कोल्हेसुद्धा आहेत म्हणे, ते मला नीट दिसले नाहीत, मान दुखायला लागली.

तर प्रश्न असा की १८६२ साली ही इमारत झाली, त्याच्या आधी कोर्टं कुठे भरायची? आणि मुंबई सोडून बाकी ठिकाणी काय होतं? नागपूर, मराठवाडा, कोल्हापूर? ज्याला जे माहीत असेल ते लिहा, विषयांतर चालेल. (भाची लॉ ला जायचं म्हणतेय, तिला वाचायला देणारे.)

काळाकोट:
धागा छान. आधी एक दुरुस्ती, इमारत १८६२ ची नाही. १८६२ ला कोर्ट सुरू झालं, १४ ऑगस्टला, सात न्यायाधीश घेऊन, पहिले चीफ जस्टिस सर मॅथ्यू सॉस. पण बसायला स्वतःची जागाच नव्हती. अपोलो स्ट्रीटवर ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग म्हणून आहे ना, पूर्वीचं अ‍ॅडमिरल्टी हाऊस, तिथे सुप्रीम कोर्ट भरायचं (मुंबईचं जुनं सुप्रीम कोर्ट, दिल्लीचं नाही) आणि हायकोर्टही तिथेच सोळा वर्षं रेटत होतं. आत्ताच्या इमारतीचं काम एप्रिल १८७१ ला सुरू झालं, नोव्हेंबर १८७८ ला संपलं आणि १० जानेवारी १८७९ ला पहिलं कामकाज झालं. आराखडा कर्नल जेम्स फुलर या लष्करी इंजिनिअरचा. लांबी ५६२ फूट.

आणि आता खरी गंमत. मंजूर खर्च होता १६,४७,१९६ रुपये आणि प्रत्यक्ष लागले १६,४४,५२८. म्हणजे सरकारी काम आणि २,६६८ रुपये शिल्लक. हे वाचून बांधकाम खात्यातले माझे मेहुणे दोन मिनिटं गप्प बसले होते.

उगाचच:
माकडाची गोष्ट मस्त आहे पण ती ऐकीव आहे, जपून. त्या काळातल्या गॉथिक इमारतींवर माकडं, घुबडं, कोल्हे सगळीकडे कोरलेले असत, ती कारागिरांची मस्करी असायची. केस हरलेला माणूस कोर्टाच्याच भिंतीवर सूड उगवतो ही कल्पना लोकांना इतकी आवडली की आता ती कोणी सोडणार नाही. मलाही सोडवत नाही, तो भाग वेगळा.

निवृत्त_नाझर:
मी कोर्टात पस्तीस वर्षं काढली, जिल्हा पातळीवर, त्यामुळे मुंबईच्या हायकोर्टाबद्दल माझं ज्ञान वाचीव. पण मेथीचा_लाडू यांनी "आधी काय" विचारलंय त्यावर लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

इंग्रजांना मुंबई आंदणात मिळाली, कंपनीकडे ती १६६८ ला आली. तोवर पोर्तुगीज कायदा चालू होता. जेरल्ड ऑन्जिए गव्हर्नर झाला त्याने १६७२ मध्ये तो काढून इंग्लिश कायदा आणला आणि ऑगस्टमध्ये वाजतगाजत मिरवणूक काढून कोर्ट उघडलं, न्यायाधीश जॉर्ज विलकॉक्स. मग मधे बराच गोंधळ. १७२६ च्या सनदेने मेयर्स कोर्ट (ते प्रत्यक्ष बसलं १७२८ ला), १७९८ ला रेकॉर्डर्स कोर्ट, आणि १८२३ च्या सनदेने सुप्रीम कोर्ट, ते १८२४ च्या मे महिन्यात सुरू झालं. हे झालं मुंबई बेटापुरतं. बेटाबाहेर कंपनीच्या मुलखात वेगळीच शिडी होती, सदर दिवाणी अदालत, सदर फौजदारी अदालत आणि खाली जिल्ह्यांची कोर्टं. बघा नावं, सगळी फारसी. दिवाणी, फौजदारी, वकील, नाझर, शिरस्तेदार, हे शब्द आजही कोर्टाच्या बोर्डावर आहेत. राज्यं बदलली, शिरस्तेदार काही हलला नाही.

१८६२ ला काय केलं तर या दोन गाड्या एकाच रुळावर आणल्या, सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत बंद, दोघांचं मिळून हायकोर्ट. पण शिवण अजून दिसते. हायकोर्टात ओरिजिनल साइड आणि अपेलेट साइड असं आजही म्हणतात. ओरिजिनल म्हणजे शहरातले मोठे दावे थेट तिथे, ते जुन्या सुप्रीम कोर्टाचं बाळ. अपेलेट म्हणजे जिल्ह्यातून येणारी अपिलं, ते सदर अदालतीचं. आमच्या कागदांचे गठ्ठे जायचे ते अपेलेटला.

काळाकोट:
नाझरसाहेब अगदी बरोबर, आणि ही शिवण नुसती कागदावर नव्हती. ओरिजिनल साइडला अनेक वर्षं दुहेरी पद्धत होती, पक्षकार सॉलिसिटरकडे जाणार, सॉलिसिटर बॅरिस्टरला ब्रीफ देणार, बॅरिस्टर थेट पक्षकाराशी बोलणारसुद्धा नाही. अपेलेटवाले वकील गावाकडून आलेले, धोतर नेसणारे, मराठी-गुजराती कागद वाचणारे. दोन वेगळी जगं एका छपराखाली. ती सक्तीची दुहेरी पद्धत संपली १९७७ च्या सुमाराला. पण आजही बार रूममध्ये कोण कुठल्या बाजूचा हे पाच मिनिटांत कळतं.

टाचणी:
म्हणजे इंग्रज यायच्या आधी इथे न्याय नव्हताच का? रामशास्त्री प्रभुणे काय मग? नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबाला तोंडावर दोषी ठरवून पुणं सोडून गेलेला माणूस, तोही सत्तेवर बसलेल्या पेशव्याला! कुठलं कोर्ट आणि कुठली गॉथिक इमारत लागली त्याला.

उगाचच:
रामशास्त्री थोरच, पण एका रामशास्त्र्यावर अख्खी व्यवस्था नाही ना तोलता येत. रोजचा न्याय गोतसभेत व्हायचा. गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावचे लोक बसणार, वतनाचं भांडण ऐकणार आणि निकाल महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, लिहून सगळ्यांच्या निशाण्या पडणार, पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस वगैरे. पुरावा नसेल तर दिव्य. उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा बाहेर काढायचा, त्याला रवा काढणे म्हणत, मग हात बांधून त्यावर मोहर, काही दिवसांनी पिशवी सोडून बघायचं फोड आला की नाही. मला विचाराल तर मी तारीख घेईन, रवा नको.

निवृत्त_नाझर:
हाहा. पण उगाचच, एक सांगू का, ती पाटलाच्या नांगराची निशाणी वाचून मला गंमत वाटली. आजसुद्धा खालच्या कोर्टात प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक पडतो. दावा म्हणजे निशाणी १. मनाई हुकमाचा अर्ज बहुतेक निशाणी ५, त्यामुळे वकील लोक "निशाणी ५ चं काय झालं" असंच विचारतात, अर्जाचं नावसुद्धा घेत नाहीत.

आणि एल्फिन्स्टनने (पेशवाई गेल्यावरचा इंग्रज कारभारी, पुढे मुंबईचा गव्हर्नर) १८१८ नंतर पंचायती एकदम मोडल्या नाहीत, उलट चालू ठेवायचा प्रयत्न केला. त्या पुढे आपोआप वाळल्या. लोकांना लेखी निकाल आणि वर अपील आहे हे कळलं की पंचायतीत कोण बसणार. १८२७ ला त्याचं कोड, म्हणजे कायद्यांचा संग्रह, आलं.

मेथीचा_लाडू:
बापरे, काय माहिती येतेय! भाचीने विचारलंय की हे बेटावरचं सुप्रीम कोर्ट आणि बाहेरचा मुलूख, यांचं भांडण नाही का झालं?

काळाकोट:
भाचीला लॉ ला घालाच. झालं, आणि असं झालं की कोर्टाला टाळं लागलं.

१८२८. पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा चौदा एक वर्षांचा मुलगा, नात्यातल्या वडीलधाऱ्याच्या ताब्यात, ते घराणं पेशव्यांच्या नात्यातलं. मुलाला डांबून ठेवलंय अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात आली आणि कोर्टाने हेबियस कॉर्पस काढला, मुलाला हजर करा. गव्हर्नर होता सर जॉन माल्कम. तो म्हणाला, तुमची हद्द बेटापुरती, पुण्यातल्या सरदारांच्या घरात तुमचा बेलीफ मी घुसू देणार नाही. तोपर्यंत सुप्रीम कोर्टाचे तीनपैकी दोन न्यायाधीश, वेस्ट आणि चेंबर्स, पाठोपाठ वारलेले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. सरकार आपला हुकूम बजावायला मदत करत नाही म्हटल्यावर या गृहस्थाने १ एप्रिल १८२९ ला कोर्ट बंद करून टाकलं. सरळ संप! प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाकडे, गेलं आणि तिथे निकाल कोर्टाच्या विरुद्ध, हद्द नाहीच. कायद्याच्या अंगाने ग्रँट चुकला असेल, पण सरकार ऐकत नाही म्हणून टेबल आवरून उठलेला जज आवडतो बुवा आपल्याला.

गोदाकाठची:
त्याच जुन्या सुप्रीम कोर्टाची शेवटची मोठी केस म्हणजे महाराज लायबल केस, १८६२. करसनदास मुळजींनी वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या वागण्यावर छापलं, महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, जानेवारीत सुनावणी सुरू आणि एप्रिलमध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने. चारच महिन्यांत ते कोर्टच इतिहासजमा.

पण मला लिहायचंय ते रखमाबाईबद्दल, कारण ही केस याच फोर्टातल्या इमारतीत चालली आणि वॉकमध्ये ती सांगतात की नाही कोण जाणे. अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्याकडे कधी राहिलीच नाही, मोठी झाल्यावर म्हणाली मी जाणार नाही. नवरा दादाजी १८८४ ला हायकोर्टात. १८८५ ला जस्टिस पिन्हे म्हणाले, एखाद्या बाईला तिच्या मनाविरुद्ध असं पाठवणं रानटीपणाचं होईल, दावा फेटाळला. अपिलात ते उलटलं, केस पुन्हा खाली आली, आणि मार्च १८८७ मध्ये जस्टिस फॅरन यांनी हुकूम दिला, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. बाईने सांगितलं तुरुंग चालेल! १८८७ सालात, बावीस तेवीस वर्षांची पोर. शेवटी १८८८ ला तडजोड झाली, दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि प्रकरण मिटलं. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आली, गुजरातेत अनेक वर्षं प्रॅक्टिस केली. आणि त्या वेळी तिच्या विरुद्ध सगळ्यात जोरात लिहीत कोण होतं तर टिळक. ज्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आज त्याच कोर्टात आहे. इमारतीला काय, ती दोघांनाही सावली देते.

टाचणी:
टिळकांना मधे ओढायची गरज होती का? बाई, टिळकांचं मोठेपण त्या एका भूमिकेने कमी होत नाही.

गोदाकाठची:
कमी होतं असं म्हटलंच नाही हो मी. दोन्ही खरं आहे एवढंच.

काळाकोट:
भांडू नका, टिळकांवरची गोष्ट सांगतो, ती दोघांनाही चालेल.

१८९७ ला टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला. जामीन मिळत नव्हता. हायकोर्टात टिळकांच्या वतीने उभे राहिले बॅरिस्टर दिनशा दावर आणि जामीन दिला जस्टिस बद्रुद्दीन तय्यबजींनी. पुढे जस्टिस स्ट्रॅची यांनी अठरा महिने दिले ते वेगळं. आता १९०८. दुसरा खटला, हायकोर्टातलंच सेंट्रल कोर्ट, टिळकांच्या जामिनासाठी उभे जिना, आणि समोर जजच्या खुर्चीत कोण तर तेच दिनशा दावर! जामीन नाकारला. पुढे टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, दिवसेंदिवस बोलत होते. ज्यूरी (दोषी की निर्दोष ठरवणारे नागरिक) नऊ जणांची, सात युरोपियन, दोन भारतीय, निकाल सात विरुद्ध दोन. २२ जुलैची रात्र झालेली, सहा वर्षं काळं पाणी. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस. शिक्षेआधी विचारलं काही बोलायचंय का, तेव्हा जे बोलले, ज्यूरी काहीही म्हणो मी निर्दोष आहे आणि याहून मोठी सत्ता आहे या अर्थाचं, ते शब्द आज सेंट्रल कोर्टाच्या बाहेर पाटीवर कोरलेत. पाटीचं अनावरण केलं १९५६ ला चीफ जस्टिस चागलांनी. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशाने.

मी पहिल्यांदा काळा कोट घालून गेलो तेव्हा सीनियरने आधी त्या पाटीपाशी नेऊन उभं केलं होतं. काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, चल, आजच्या केसेसचं बोर्ड लागलं असेल.

सावजी_रस्सा:
काय बे, सारा धागा मुंबईच खाऊन राहिली नं! नागपूरचं कोणी बोलणार का नाही?

आमचं हायकोर्ट मुंबईचं पिल्लू नव्हतं, स्वतंत्र होतं. १८६१ ला मध्य प्रांत झाला तेव्हापासून ज्युडिशियल कमिशनर बसायचे, मग १९३६ च्या जानेवारीत नागपूर हायकोर्ट झालं, पहिले चीफ जस्टिस सर गिल्बर्ट स्टोन. वर्षभराने ९ जानेवारी १९३७ ला सिव्हिल लाइन्समधल्या इमारतीची कोनशिला आणि जानेवारी १९४० ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या हस्ते उद्घाटन. आर्किटेक्ट हेन्री मेड, दिल्लीत ल्युटेन्सच्या हाताखाली काम केलेला माणूस. फोर्टातलं हायकोर्ट कसं टोकदार, काळं, भुताच्या सिनेमातल्यासारखं, आमचं बघा, घुमट, खांब, चारही बाजूंनी ऐसपैस. हिदायतुल्ला साहेब इथलेच, नागपूर हायकोर्टाचे चीफ जस्टिस होते, नंतर देशाचे सरन्यायाधीश झाले.

मग १९५६ ला राज्य पुनर्रचना. विदर्भ मुंबई राज्यात, आणि हायकोर्ट गेलं मध्य प्रदेशासोबत जबलपूरला! इमारत इथे, कोर्ट तिथे. १९५३ च्या नागपूर करारात लिहून घेतलं होतं म्हणून निदान खंडपीठ राहिलं. माझे आजोबा तिथे वकील होते, ते म्हणत, ३१ ऑक्टोबरला आम्ही हायकोर्टात होतो, १ नोव्हेंबरला बेंचमध्ये, खुर्ची तीच.

गोदाकाठची:
सावजीभाऊ, तुमच्याकडे निदान इमारत तरी होती. मराठवाडा निजामाकडे, अदालतीची भाषा उर्दू, वरचं कोर्ट हैदराबाद. आमच्या पणजोबांच्या जमिनीचे कागद मोडीतही नाहीत, उर्दूत आहेत, वाचून घ्यायला एक मौलवी शोधावे लागले, त्यांनी चहावर वाचून दिले. १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो म्हणजे हैदराबादऐवजी मुंबई, लांबच. पंचवीस वर्षं मागणी केल्यावर २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला बेंच बसलं. त्यावरही केस झाली! मुंबईत ते बेकायदा ठरलं, सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, पुनर्रचना कायद्यातल्या ५१ (३) कलमाखाली चीफ जस्टिसला राज्यपालांच्या मंजुरीने असं बसवता येतं म्हणून. १९८४ ला कायम झालं. पणज्याचं १९८२ ला, कारण गोवाही याच हायकोर्टाखाली.

उगाचच:
म्हणजे कोर्ट चालावं म्हणूनही आधी कोर्टातच जावं लागलं. वा.

टाचणी:
नानावटी केस कोणीच कशी काढली नाही अजून? भारतातली शेवटची ज्यूरी केस.

काळाकोट:
वाट बघतच होतो. शेवटची नव्हती, हे सगळीकडे चुकीचं फिरतं. नौदल अधिकारी नानावटींवर बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा खटला होता, १९५९ ला सेशन्स कोर्टात ज्यूरीने ८ विरुद्ध १ ने त्यांना निर्दोष म्हटलं, जज मेहतांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि हायकोर्टाने मार्च १९६० मध्ये दोषी ठरवलं. ज्यूरीचं नाव खराब झालं हे खरं, पण त्यानंतरही ज्यूरी होत्या, त्या कायद्यातून गेल्या १९७३ च्या फौजदारी संहितेने. आणि पूर्ण गेल्या असंही नाही! पारशी घटस्फोटाच्या केसेस मुंबई हायकोर्टात चालतात तेव्हा अजूनही समाजातले डेलिगेट्स जजबरोबर बसतात, पूर्वी सात, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच. ज्यूरीचं शेपूट म्हणा.

जाता जाता, आत्ताचं सिटी सिव्हिल आणि सेशन्स कोर्ट आहे ती इमारत मुळात कोर्टाची नाहीच. ते जुनं सचिवालय, १८७४ चं. ओव्हलसमोर ओळीने जुनं सचिवालय, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, आणि या सगळ्यांच्या समोर तेव्हा थेट समुद्र होता, भराव नंतरचा. २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेली ही अख्खी ओळ. सीएसएमटीजवळचं किल्ला कोर्ट, म्हणजे एस्प्लनेड कोर्ट, ते मात्र कोर्ट म्हणूनच बांधलेलं, १८८९ चं.

मेथीचा_लाडू:
स्मॉल कॉजेस कोर्ट राहिलं की. आमची चाळीची केस तिथेच होती, त्यावर वेगळा धागा निघेल.

निवृत्त_नाझर:
लघुवाद न्यायालय. तिथली एक गोष्ट प्रत्येक नव्या वकिलाला सांगावी अशी आहे. गांधीजी बॅरिस्टर होऊन आले, मुंबईत पहिली केस मिळाली ममीबाई नावाच्या बाईची, याच कोर्टात, फी तीस रुपये. उलटतपासाला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. खाली बसले, फी परत केली, दुसरा वकील करा म्हणाले. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

आणि आंबेडकरांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहितो. बाबासाहेब १९२३ पासून मुंबईत वकिली करत होते. पण मला महत्त्वाची वाटते ती केस, ज्यात ते वकील म्हणून नाही, प्रतिवादी म्हणून होते. मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायले, डिसेंबरमध्ये महाडच्या सवर्णांनी तिथल्या दिवाणी कोर्टात दावा लावला, तळं आमच्या खाजगी मालकीचं. महाडच्या कोर्टात निकाल १९३१ ला, ठाण्याला अपील १९३३, हायकोर्टात १७ मार्च १९३७. तिन्हीकडे बाबासाहेबांची बाजू. दहा वर्षं! हायकोर्टात निकाल देणाऱ्यांत जस्टिस ब्रूमफील्ड होते, हेच गृहस्थ १९२२ ला अहमदाबादला जिल्हा न्यायाधीश असताना त्यांनी गांधीजींना सहा वर्षं दिली होती. मी नोकरीत असताना सगळे म्हणायचे मोठे खटले वर होतात. मी म्हणायचो, सगळ्यांची निशाणी १ खालच्याच कुठल्यातरी कोर्टात पडलेली असते. हिची महाडला पडली.

गोदाकाठची:
हे फार आवडलं नाझरकाका. आणि भाचीसाठी, मिठन लाम १९२३ ला या हायकोर्टात वकिली सुरू करणाऱ्या पहिल्या बाई. पहिली महिला न्यायाधीश यायला मात्र १९७८ उजाडलं, सुजाता मनोहर, त्याच पुढे १९९४ ला चीफ जस्टिस झाल्या. पंचावन्न वर्षं लागली बारच्या बाकावरून वरच्या खुर्चीपर्यंत जायला.

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी, दोन दिवस वाचतोय, आता राहवत नाही. कोल्हापूरचं कोणच लिहीना म्हणून.

आमचं करवीर संस्थान होतं तवा कोर्टं इथंच, दरबार इथंच, माणूस सकाळी दावा लावून दुपारी घरला. १ मार्च १९४९ ला विलीन झालो आणि वरचं कोर्ट एकदम मुंबई. साताऱ्याचं घ्या, तिथं तर राजवाड्यातच कितीतरी वर्षं कोर्ट भरायचं, पण अपील म्हटलं की मुंबई. चाळीस वर्षांच्या वर आमचे वकील खंडपीठ मागत होते, किती मोर्चे, किती काम बंद, लोकं दमली पण मागणी दमली नाही. आमच्या अण्णांची (थोरले चुलते) जमिनीची केस हायकोर्टात, पंधरा वर्षं. ठरलेला कार्यक्रम. रात्रीच्या गाडीत बसायचं, पहाटे दादरला उतरायचं, सुलभमध्ये तोंड धुवायचं, धोतर बदलायचं, फोर्टात जायचं, बोर्डावर नंबर बघायचा, संध्याकाळी कळायचं की आज लागत नाही, परत रात्रीची गाडी. अण्णांनी ती गॉथिक का काय इमारत वीसदा बघितली असंल, माकड एकदाबी बघितलं नाही. त्यांची नजर कायम बोर्डावर.

१७ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश गवई साहेबांनी सर्किट बेंचचं उद्घाटन केलं आणि १८ ला काम सुरू. सीपीआर हॉस्पिटलसमोरची जुन्या कोर्टाची दगडी इमारत, तीच झाडून पुसून हायकोर्ट केली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे.

उगाचच:
अभिनंदन. पण बेंच आलं म्हणून केस लवकर सुटते असं नाही हां. खटल्यांची रांग तीच, फक्त रांगेचं ठिकाण जवळ आलं. मुंबईचं मुख्य कोर्टसुद्धा आता वांद्र्याला नव्या संकुलात जायचंय, म्हणून काय निकाल पटापट लागणारेत?

पंचगंगाकाठ:
तुमचं खरं आहे भाऊ, केस काय सुटली नाही अजून. मागच्या महिन्यात अण्णांची तारीख होती, पहिल्यांदाच इथं. म्हातारा सकाळी सहालाच फेटा बांधून तयार, सवय हो. मी म्हटलं अण्णा अकराला निघू, चालत वीस मिनिटं. ऐकंनात, नऊलाच जाऊन बसलो. नंबर लागला, आमचे वकील दोन मिनिटं बोलले, पलीकडच्या वकिलाने मुदत मागितली, मिळाली. झालं. मला राग आला, म्हटलं परत तारीखच. अण्णांनी घड्याळ बघितलं, सव्वाबारा वाजलेले. मला म्हणाले, काकीला फोन लाव, म्हणावं दोन भाकरी जास्त टाक.

मेथीचा_लाडू:
🙏 भाचीला हा धागा आत्ताच पाठवला. तिने पहिला प्रश्न विचारलाय, निशाणी ५ म्हणजे नक्की काय. नाझरकाका, या परत.